पालकांच्या तयारीचा रकाना

प्रिय सई आणि नील,

गेल्या रविवारी फोनवर सई चिडलेली होती. तिच्या आवडत्या बास्केटबॉल टीमने सीझन संपल्याबरोबर निम्मे खेळाडू इकडचे तिकडे केले, आणि भिंतीवर जिचा फोटो लावला होता तीच मुलगी आता समोरच्या टीममधून खेळणार. "आज्जी, हे ठरवतं तरी कोण?" सईने विचारलं. "कुणीतरी टेबलाशी बसून कागद भरतं," असं म्हणून मी विषय बदलला. ते नीलच्या लक्षात आलं. "तू गप्प का झालीस?" त्याने दोनदा विचारलं. त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. सावकाश वाचा. अडलं तर बाबाला विचारा, पण शब्दांचे अर्थ तेवढे विचारा. यातली हकीकत त्यालाही माहीत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. जून महिन्यातली सकाळ, कोल्हापूरचा एसटी स्टँड. मी वीस वर्षांची, पहिल्यांदाच एकटी मुंबईला निघालेली. मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी कचेरीत मला कारकुनाची जागा मिळाली होती, आणि ती मिळाली होती त्यांच्या महिलांच्या बास्केटबॉल टीममध्ये खेळण्यासाठी. आमच्या वेळी खेळाडूंना असेच घेत. सकाळी फायली, संध्याकाळी मैदान. आई आदल्या दिवशी मुद्दाम नृसिंहवाडीला जाऊन आली होती, आणि तिथली कवठाची बर्फी तिने माझ्या पिशवीत तीन वेळा वरखाली करून ठेवली. अण्णा, म्हणजे माझे वडील, हायस्कुलात इंग्रजी शिकवत. ते म्हणाले, "लिहिलेलं परत वाचायचं आणि मगच सही करायची. तिथेही विसरू नकोस." ते मला लहानपणापासून हेच सांगत आले होते.

माझी ट्रंक टपावर चढवली ती जमिलाने. जमिला माझ्याच टीममधली, आठवीपासूनची मैत्रीण. हमालाची वाट न बघता ती ट्रंक खांद्यावर घेऊन मागच्या शिडीने वर गेली. कंडक्टर ओरडला, "ओ बाई, पडशीला!"

"पडलो तर तुमच्याच अंगावर पडतो. सरका बाजूला," जमिला वरूनच म्हणाली. कोल्हापुरात आम्ही मुली अशाच बोलायचो, मी येतो, मी जातो.

खाली तिचे वडील उभे होते. त्यांना मी चाचा म्हणत असे. उद्यमनगरात त्यांचं वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप होतं आणि काम थांबवून ते तसेच, हातावरच्या काळ्या डागांसकट आले होते. माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, "जा बाळ, नाव काढ. आमच्या जमीची बी तयारी केलती. तिची खाला हाय भायखळ्याला, तिच्याकडं ऱ्हायली असती. पण सायेबांनी तिला बोलावलंच न्हाय. असू दे."

तेवढ्यात जमिला खाली उतरली. खिडकीच्या गजातून हात घालून तिने माझ्या डोक्यात टपली मारली. "रडू नगंस मर्दा. फुडल्या साली मी बी येतो. तवर माझी जागा धरून ठेव."

गाडी सुटली. आई रडत होती, अण्णा चष्मा पुसत होते, आणि सगळ्यांना वाटलं की मी घर सोडायच्या दुःखाने पांढरी पडले आहे. मी पांढरी पडले होते ती चाचांच्या बोलण्याने. सायबांनी जमिलाला का बोलावलं नाही, हे त्या स्टँडवर फक्त मला माहीत होतं.

आता मागचं सांगते.

मी जमिलाचा हेवा कधीपासून करत होते, याची तारीख मला सांगता येणार नाही. बहुधा ती पाच फूट नऊ इंचांवर पोचली आणि मी पाच फूट चारवर थांबले तेव्हापासून. मी नियमाने सराव करत असे. वहीत लिहून ठेवत असे, आज किती बास्केट मारले, किती चुकले. जमिला उशिरा यायची, चपला कडेला भिरकवायची, आणि अनवाणीच मैदानात उतरून माझ्या डोक्यावरून बॉल उचलून न्यायची. आमचं मैदान मातीचं होतं. चुन्याच्या फक्कीने रेघा मारायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझ्या रेघा सरळ यायच्या. दोन्ही बोर्डांवरच्या लोखंडी रिंगा चाचांनी स्वतः वाकवून, जोडून दिल्या होत्या. बॉल रिंगेत पडला की जमिला ओरडायची, "अब्बाच्या रिंगंत!" मला त्याचाही राग येई. माझ्या वडिलांनी त्या मैदानाला काय दिलं होतं? एक इंग्रजी नियमपुस्तक, जे माझ्याशिवाय कुणी वाचत नव्हतं.

त्या वर्षीच्या मे महिन्यात जयसिंगपूरला स्पर्धा झाली. मुंबईच्या त्या कचेरीच्या मॅनेजर तिथे खेळाडू बघायला आल्या होत्या. मिस डिसूझा त्यांचं नाव. हंगाम संपला की अशा मॅनेजर गावोगाव हिंडत, कारण लग्न होऊन कुणी गेलेली असे, कुणाचा गुडघा गेलेला असे, आणि जूनमध्ये नवी बारा जणींची यादी लागायची असे. त्या वर्षी त्यांच्याकडे एकच जागा रिकामी होती. त्यांनी आमचा अर्धा सामना पाहिला आणि आमच्या कोचना, भोसले सरांना, म्हणाल्या, "ती उंच मुलगी आणि ती छोटी हुशार गार्ड, दोघींची माहिती पाठवा. पण एक सांगते. मागच्या वर्षी मुलगी निवडली आणि घरच्यांनी पाठवलीच नाही. वर्षभर जागा रिकामी राहिली. या वेळी पालकांची तयारी नक्की असेल तरच."

आठवड्याने छापील नमुना आला. नाव, वय, शिक्षण, उंची, खेळण्याची जागा आणि शेवटचा रकाना, पालकांची तयारी. सगळं इंग्रजीत.

भोसले सर मूळचे आजऱ्याचे. पावसाच्या तोंडावर भातपेरणीला गावी जायची त्यांना घाई होती आणि इंग्रजी म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. टीमची सगळी पत्रं मीच लिहीत असे. त्यांनी नमुन्याच्या दोन्ही कोऱ्या प्रतींवर खाली सही करून टाकली. "सुमे, तुझं इंग्रजी फर्डं हाय. तू भर आन् टाक पोस्टात. दोघींच्या घरी तेवढं इचारून घे, काय?"

"हो सर," मी म्हणाले.

घरी येऊन मी अण्णांच्या टेबलाशी बसले. माझा कागद आधी भरला. पालकांच्या तयारीपुढे 'विलिंग' लिहिलं. आईअण्णा स्वयंपाकघरात चहा घेत होते, माझ्यापासून दहा पावलांवर. मी त्यांना विचारलं नव्हतं. मग जमिलाचा कागद घेतला. उंची पाच नऊ लिहिली, अगदी खरी. खेळाबद्दल 'एक्सलंट' लिहिलं, तेही खरं. माझ्या अक्षरात तिचं कौतुक लिहिताना मी पेन दोनदा खाली ठेवलं. हा कागद मिस डिसूझांच्या हातात पडला की माझ्या कागदाकडे त्या बघणारही नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं. शेवटच्या रकान्यापाशी मी थांबले. मनात म्हटलं, तिच्या घरचे कसले पाठवतात! मोहल्ल्यातली मुलगी, एकटी मुंबईला, तीसुद्धा चड्डी घालून खेळायला? आणि लिहिलं, 'डाउटफुल'.

नकार लिहिला असता तर ते खोटं ठरलं असतं. 'डाउटफुल' मला सुरक्षित वाटलं. शंका तर होतीच, माझी.

सायकलवरून पोस्टात जाताना वाटेत उद्यमनगर लागलं. चाचा दारात बसून काच लावलेला पत्रा डोळ्यांसमोर धरून वेल्डिंग करत होते. मला बघून त्यांनी पत्रा खाली घेतला. "काय बाळ, कुठं निघालीस एवढ्या उन्हाचं?"

"पोस्टात, चाचा."

"सावकाश जा."

मला तिथे उतरून विचारायला एक मिनिट लागलं असतं. मी पायडल मारलं.

गंमत पुढेच आहे. मुंबईचं पत्र आलं, माझी निवड झाली, आणि तयारी नव्हती ती माझ्याच घरी. तीन दिवस आमच्याकडे कुणी धड जेवलं नाही. आई म्हणे, "कारकुनी कर, शिक्षिका हो, पण पाय उघडे टाकून चार लोकांत धावायची नोकरी? उद्या स्थळं काय म्हणतील?" चौथ्या दिवशी अण्णांनी कचेरीचं पत्र पुन्हा काढून वाचलं आणि म्हणाले, "इंग्रजी निर्दोष आहे. कचेरी चांगली असणार. जाऊ दे तिला." अशी मी सुटले. आणि त्याच चार दिवसांत उद्यमनगरात चाचांनी भायखळ्याला पत्र घालून जमिलाची राहायची सोय केली होती. भोसले सर पेरणीला जाताना वाटेत त्यांना भेटून "मुंबईचं काहीतरी होईल बघा" एवढं सांगून गेले होते. घरात कुणी एका शब्दाने नाही म्हटलं नव्हतं. यातलं तयारीचं तेवढं मला स्टँडवर कळलं, गाडी सुटता सुटता; बाकीचं नंतर.

मुंबईतलं पहिलं वर्ष मी नोकरदार बायकांच्या होस्टेलमध्ये काढलं. चार पलंगांची खोली, भिंतीतलं एक कपाट, कॅन्टीनचा पातळ वरणभात. पांढरा रस्सा कसा असतो हे रूममेटना समजावून सांगताना मला रडू यायचं. टीममधल्या मुली माझ्या "मी येतो"ला खो खो हसल्या. आठ दिवसांत मी "मी येते" म्हणायला शिकले. डांबरी कोर्ट, विकत घेतलेली रिंग, जाळी कधी फाटायची नाही. खेळले बरी. पण उंच सेंटरवाचून टीम हरायची. एकदा सामना हरल्यावर मिस डिसूझा वैतागून मला म्हणाल्या, "तुमच्या कोल्हापूरची ती उंच मुलगी असती तर! तिच्या वडिलांना कुणी समजावू शकत नाही का?" मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत खाली घेतला नाही.

जमिलाची पोस्टकार्डं यायची. मोठमोठं अक्षर, दोनच ओळी. 'आमी सांगलीला जिंकलो. माझी जागा धरलीस न्हवं?' मी उत्तर पाठवायची ते चार पानी, मुंबईच्या समुद्राचं वर्णन करून. जागेचं नाव काढत नसे. तुम्हाला वाटेल, मला पश्चात्ताप होत असेल. थोडा व्हायचा. पण खरं सांगायचं तर, सांगलीला जिंकलो हे वाचून मला जास्त झोंबायचं. मी तिची जागा घेतली होती, शिवाय ती तिथे आनंदात होती. हे कसं चालेल?

पुढच्या उन्हाळ्यात मिस डिसूझा स्वतः कोल्हापूरला गेल्या. मला त्यांनी सांगितलंही नाही. जूनमध्ये एका दुपारी मला केबिनमध्ये बोलावलं, आणि आत खुर्चीवर जमिला बसलेली. निळी सलवार-कमीज, तेल लावून घट्ट घातलेली वेणी, खुर्चीत न मावणारे पाय. मला बघून तिचा चेहरा फुलला. "आलो बघ गं!"

मिस डिसूझा फाइल चाळत होत्या. त्यांनी भोसले सरांच्या सहीचा जुना कागद बाहेर काढला आणि जमिलापुढे सरकवला. "हे बघ, मागच्या वर्षी तुझ्या कोचनी लिहिलं होतं, पालकांची तयारी डाउटफुल. यंदा तसं नको. तुझे वडील आता नक्की तयार आहेत ना? की पुन्हा शंका?"

जमिला कागदाकडे बघत राहिली. तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण माझं अक्षर ओळखता येत होतं. तिचा एसएससीचा फॉर्म मी भरला होता, टीमची प्रत्येक यादी मी लिहिली होती. माझा तो झोकदार 'डी' तिने हजार वेळा पाहिलेला. ती एकदा कागदाकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मी उभी होते आणि मला एवढंच दिसत होतं, आता ती बोलेल, मिस डिसूझा माझ्याकडे वळतील, आणि संध्याकाळच्या गाडीने मी कोल्हापूरला. नोकरी गेली, नाव गेलं, अण्णांचं तोंड बघायची सोय उरली नाही.

"व्हय बाई," जमिला म्हणाली. "त्या टायमाला अब्बा तयार नव्हतंच. आता हाईत."

मिस डिसूझांनी त्या कागदावर तिरकी रेघ मारली आणि नवा नमुना काढला.

बाहेर व्हरांड्यात आलो. मी तिच्या दंडाला हात लावायला गेले, तिने झटकला.

"अक्षर वळखतो मी तुझं, सुमे."

"जमे, मला वाटलं की तुझ्या घरी..."

"तुला वाटलं? रोज माझ्या दारावरनं सायकल न्हेत हुतीस. उतरून इचारायला पाय मोडलं हुतं काय तुझं?"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हन्जे? रेघ वाकडी मारलीस काय फक्कीची?" तिचा आवाज इतका चढला की दोन कारकून दारातून डोकावले. ती त्यांच्यावरच उखडली. "काय बघताय पावणं? कामं न्हाईत व्हय?" ते आत गेले. मग हळू आवाजात माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या अब्बाला तू काय समजलीस गं? वर्सभर त्यो मला इचारतोय, जमे, तुझ्या खेळात काय कमी पडलं? मी काय सांगू त्याला?"

मी व्हरांड्याच्या कठड्याला टेकले.

"मग आत का खोटं बोललीस?" मी विचारलं.

"तू गेली असतीस तर बॉल कोण देनार हुतं मला? ह्या मुंबईच्या पोरी?" ती म्हणाली. "माफ-बीफ काय न्हाय तुला. गप खेळ."

मुलांनो, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला तिचा आयुष्यात कधी वाटला नव्हता इतका हेवा वाटला. माझ्याकडे उंची नव्हती, ते मी समजू शकत होते. पण अशा वेळी असं बोलायला जे लागतं तेही तिच्याकडेच असावं? मी इतकी शिकलेली, नीटनेटकी, शिक्षकाची मुलगी, आणि तिने दोन वाक्यांत माझी नोकरी वाचवून मला कायमची खाली बसवली. त्याबद्दल मी तिला बरीच वर्षं माफ केलं नाही. हे वाक्य उलटं लिहिलेलं नाही. परत वाचून मगच पुढे गेले आहे.

त्या जूनमध्ये नोटीस बोर्डावर बारा नावं लागली. जमिला पहिल्या पाचांत, मी राखीव. सहा वर्षं आम्ही एका टीममध्ये होतो. मला मैदानात उतरवलं की मी तिलाच बॉल द्यायची, कारण तिच्याशिवाय कुणाला देणं म्हणजे वाया घालवणं. ती उंचावर बॉल घ्यायची, वळायची, टाकायची, आणि परत येताना माझ्या पाठीत गुद्दा घालायची. लोकांना ती जिव्हाळ्याची खूण वाटे. गुद्दा चांगला जोरात असे. त्या कागदाबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही. "मी येतो" म्हणणंही तिने कधी सोडलं नाही. सहा वर्षांत टीममधल्या निम्म्या मुली तिच्यासारखं बोलायला लागल्या.

मग माझं लग्न झालं, मी खेळ सोडला, ठाण्याला आले, तुमचा बाबा झाला. जमिलाचा गुडघा गेला तेव्हा तिने कचेरीतून बदली मागितली नाही की बढतीची वाट पाहिली नाही. सरळ राजीनामा देऊन कोल्हापूरला परत गेली आणि एका मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका झाली. लग्न तिथेच केलं. मी मात्र दरवर्षी म्हणत राहिले, पुढच्या वर्षी कायमची जाईन. तिच्या जाण्याचाही मी हेवा केला. मला मुंबई मिळवायला तो शब्द लिहावा लागला होता, आणि तिने तीच मुंबई दंडावरचा हात झटकावा तशी झटकून टाकली.

चाचा गेले तेव्हा मी कोल्हापूरला गेले होते. त्यांना खरं काय ते सांगायचं मी प्रत्येक भेटीत ठरवत असे. शेवटच्या भेटीत ते मला म्हणाले होते, "जमीला पयल्या साली का घेतलं न्हाय, ते काय मला कळलं न्हाय बघ अजून." मी म्हणाले, "चाचा, तिचं काही कमी नव्हतं. कागदात चूक होती." "कुणाची?" त्यांनी विचारलं. जमिला चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अब्बा, कचेरीचं कागद असंच असत्यात. घ्या, गार हुतंय." मी चहा प्यायले. माझं सांगायचं राहिलं ते राहिलंच.

आता तुम्ही विचाराल, आज्जी, तुझं घर कुठलं? ठाण्याचा हा फ्लॅट माझ्या नावावर आहे. इथे मला सगळं सापडतं, किल्ल्या, औषधं, चष्मे. कोल्हापूरचं आमचं घर अण्णांच्या पाठोपाठ विकलं गेलं आणि मैदानावर आता गाड्या लागतात. तरी वर्षातून एकदा मी जाते आणि उतरते जमिलाकडे. ती दारातूनच ओरडते, "आली बघा मुंबईची बाई!" तिच्या हातचं मटण खाते आणि तिच्या नातवंडांना बघते, जी रोज तिच्या अंगाखांद्यावर असतात, तुमच्यासारखी फोनमध्ये नसतात. तेव्हा मी पुन्हा अण्णांच्या टेबलाशी बसलेली असते. तिथे गेल्याशिवाय मला चैनही पडत नाही. घर म्हणजे काय, याचं याहून नीट उत्तर मला सुचत नाही.

सई, तुझ्या टीमच्या यादीवर चिडायचं तर चीड. फक्त कधी तुझ्या हातात दुसऱ्याचा रकाना आला, तर उतरून विचार.

आई, अण्णा, चाचा, भोसले सर गेले. कचेरीची टीम बंद पडून किती वर्षं झाली कुणास ठाऊक. जमिला आहे, गुडघा धरून चालते पण चालते. आणि मला तिचा हेवा अजून वाटतो.

तुमची,
आज्जी